उंचावर दुखणारा दात

कृत्तिका सस्ते हिचा उजवीकडचा खालचा एक दात मोठा चमत्कारिक होता. बर्फाचा गोळा खाल्ला तरी तो दुखत नसे. वाफाळता चहा तोंडात घोळवला तरी नाही. त्याच दाताने तिने फुटाणे फोडले, ऊस सोलला, आजीची नजर चुकवून पेन्सिलीसुद्धा चावल्या, पण दात हूं नाही की चूं नाही. आणि हाच दात एका रिकाम्या खोलीत, तोंडात काहीही नसताना, नुसतं खुर्चीवर गप्प बसलं असताना असा ठणकला की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता रिकाम्या खोलीने दाताचं काय वाईट केलं होतं, हे कुणी सांगावं?

ती खोली साधीसुधी नव्हती हे मात्र आधी सांगायला हवं. म्हसवड गावाबाहेरच्या माळावर 'घार' या तरंगत्या वेधशाळेचा (आकाशाचं आणि हवामानाचं निरीक्षण करण्याच्या जागेचा) तळ होता, आणि ती खोली तिथे होती. घार म्हणजे प्रचंड फुग्यांना टांगलेलं एक लांबुळकं घर. ढग तिच्या पायाखाली राहत. तिच्या भिंती फार पातळ होत्या, कारण भिंती जाड केल्या तर फुग्यांनी ते ओझं उचलायचं कसं? आणि भिंती पातळ म्हणून आतली हवाही विरळच ठेवावी लागे. नाहीतर हवेच्या दाबाने (हवा सगळ्या बाजूंना जो रेटा देत असते त्याने) भिंती फाटल्या असत्या. माणसांना गुदमरल्यासारखं होऊ नये म्हणून त्या विरळ हवेत प्राणवायू जास्तीचा मिसळलेला असे. अशा हवेत माणसं महिनोन्महिने राहत, वाऱ्यावर आणि ढगांवर नजर ठेवत. त्यांतली एक होती कृत्तिकाची आई, वसुधा.

आई दिवाळीच्या तोंडावर वर गेली होती आणि उन्हाळा सरल्याशिवाय खाली येणार नव्हती. मधे एकदाच, हिवाळ्यातल्या शांत हवेत, 'कुटुंबभेट' असे. 'पाळणा' नावाचा छोटा फुगा प्रत्येक घरच्या एकाच माणसाला सकाळी वर नेई आणि संध्याकाळी परत आणून सोडी. यंदाची भेट येत्या रविवारी होती. त्या रविवारची वाट बघता बघता कृत्तिकाने घरादाराचं डोकं खाऊन टाकलं होतं. रोज संध्याकाळी पडद्यावर आईशी बोलणं व्हायचं, नाही असं नाही. पण पडद्यावरच्या आईला मिठी मारता येत नाही, आणि कृत्तिकाला नेमकं तेच हवं होतं.

वर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या खोलीत बसावं लागे. दार घट्ट बंद होई, आतली हवा हळूहळू काढून घेतली जाई, आणि घारीवर असते तितकी विरळ हवा सोसते की नाही ते पाहिलं जाई. चाचणी घेणाऱ्या कदम सरांनी कृत्तिकाला बजावलं होतं, "कान, डोकं, पोट, काहीही दुखलं तरी हात वर करायचा. मी लगेच दार उघडीन."

हवा विरळ होऊ लागली आणि दात ठणकू लागला. आधी कुणी आतून बोट लावून ढकलतंय असं वाटलं, मग जबड्यापासून कानापर्यंत कळ गेली. कृत्तिकाने हात वर केला नाही. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. तरी मनगटावरच्या, नाडी मोजणाऱ्या पट्ट्याने चुगली केलीच. तिचं काळीज भलतंच धावतंय हे कदम सरांना काचेपलीकडे दिसलं आणि त्यांनी चाचणी थांबवली.

"घाबरलीस होय गं?" त्यांनी विचारलं.

"हो," कृत्तिका म्हणाली. खोटं बोलायला तिला आवडत नसे, पण त्या वेळी तिला दुसरं काही सुचलं नाही.

"शनिवारी पुन्हा बसवू. तेव्हाही असंच झालं, तर मात्र पुढच्या वर्षी जायचं. चालेल ना?"

चालणार नव्हतं. पण तिने मान हलवली.

घरी आल्यावर जो तो तिची भीती घालवायच्या मागे लागला. बाबांचं मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. ते म्हणाले, "अगं, जत्रेतल्या पाळण्यात मी अजून डोळे मिटून बसतो. भीती वाटली म्हणून काही बिघडत नाही." आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि "माझ्या वाघिणीला कुणाची नजर लागली म्हनायची," असं म्हणून तिच्या कानशिलावर बोटं मोडली. कृत्तिका सगळं मुकाट्याने करून घेत होती. खरं सांगितलं तर काय होईल हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दुखरा दात म्हणजे तो काढणार. दात काढला की गाल सुजणार. सुजलेल्या गालाच्या मुलीला कोण वर नेणार? "आईला यातलं काही सांगू नका," एवढंच ती बाबांना म्हणाली.

रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र तिने नीट विचार केला. शनिवारी ती पुन्हा त्या खोलीत बसणार. दात पुन्हा ठणकणार. पट्टा पुन्हा चुगली करणार. म्हणजे दुखणं लपवून रविवार काही हाती लागत नव्हता. हे तिला आधी का सुचलं नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं, आणि जरा हलकंही वाटलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती सायकलवरून थेट दातांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर शहनाज मुजावर या म्हसवडच्या दंतवैद्य. उंच, हसऱ्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला दुखणं विसरायला लावणाऱ्या. त्यांच्या हाताखाली दंतोबा काम करत असे. दंतोबा म्हणजे एक यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र). त्याला पाय नव्हते, चेहरा म्हणाल तर दोन दिवे, पण हात असे की आंब्याच्या मोहराला धक्का न लावता त्यावरची मुंगी उचलतील. ते हात मुजावर डॉक्टरांनीच घडवले होते आणि त्यांचा त्यांना फार अभिमान होता. त्याचं नाव मात्र गावातल्या पोरांनी ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कृत्तिकाचा तो दात किडला, तेव्हा दंतोबानेच त्यात सिमेंट भरलं होतं.

"मॅडम, माझा दात फक्त उंचावर दुखतो," कृत्तिका म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "फक्त उंचावर? आणि खाली अजिबात नाही? वा. असा दात मला आजवर भेटला नव्हता. बस बघू."

त्यांनी दातावर हलकेच ठोकून पाहिलं. थंडगार कापसाचा बोळा लावून पाहिला. कडक रबराचा तुकडा चावायला दिला. कृत्तिका प्रत्येक वेळी "नाही दुखत" म्हणत होती आणि मनातून घाबरत होती, की आता या आपल्याला खोटारडी म्हणणार. डॉक्टरांनी मग दाताच्या आतला फोटो घेतला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला.

"हे बघ. हे तुझ्या दाताचं घर. सगळ्यात बाहेर हे पांढरं शुभ्र दिसतंय ना, ते दंतवल्क (दाताचं टणक कवच). तुझ्या अख्ख्या शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. आणि गंमत ऐक. हे कवच ज्या पेशींनी (शरीर ज्यांचं बनलंय त्या अतिसूक्ष्म घटकांनी) बांधलं, त्या आता तुझ्या तोंडात नाहीत. दात हिरडीतून वर येईपर्यंत त्यांनी काम पुरं केलं आणि त्या संपून गेल्या. घर बांधून गवंडी गाव सोडून गेला म्हण ना."

"मग भिंत पडली तर?"

"म्हणून तर हाड मोडलं की जुळतं, कातडी फाटली की भरते, पण दाताला भोक पडलं की ते आपलं आपण बुजत नाही. अगदी बारीक झीज तुझी लाळ भरून काढते. तिच्यात दाताला लागणारे क्षार असतात. दिवसभर ती बिचारी डागडुजी करतच असते. पण रात्री काकवी-भाकरी खाऊन चूळ न भरता झोपणारी माणसं असली, की लाळेचंही काही चालत नाही."

कृत्तिकाने खाली बघितलं. काकवी हा तिचा जीव की प्राण होता, आणि हे डॉक्टरांना दिवाळीपासून ठाऊक होतं.

"गोड चिकटून राहिलं की तोंडातले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) त्यावर ताव मारतात आणि आम्ल (आंबट, झिजवणारा पदार्थ) तयार करतात. ते कवच पोखरतं. कवचाच्या आत हा पिवळसर थर, दंतिन. त्यात हजारो बारीक नळ्या आहेत आणि त्या नळ्यांत पाण्यासारखा द्रव. सगळ्यात आत दाताचा गाभा. तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू (दुखतंय ही खबर मेंदूला पोचवणारे धागे). म्हणजे दात हा काही दगड नाही गं. आतून तो चांगला जिवंत असतो."

कृत्तिका पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती जे घासायचा कंटाळा करत होती, ते इतकं सुंदर बांधलेलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आता हे काय दिसतंय सांग," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांचा आवाज जरा बदलला.

भरलेल्या सिमेंटच्या तळाशी, दंतिनाला लागून, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एक काळा गोल ठिपका होता.

"कीड?"

"कीड अशी गोल गरगरीत नसते. ही हवा आहे. तुझ्या दातात हवेचा बुडबुडा अडकलाय." डॉक्टरांनी खणातून सुई नसलेली इंजेक्शनची जाड नळी काढली. एक इवलासा फुगा अगदी थोडा फुगवून, गाठ मारून त्यांनी नळीत टाकला, दट्ट्या बसवला आणि नळीचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबलं. "आता दट्ट्या मागे ओढ. म्हणजे नळीतली हवा विरळ होईल, तुमच्या त्या खोलीतल्यासारखी."

कृत्तिकाने दट्ट्या ओढला. नळीतला फुगा टम्म फुगला. सोडला, तर पुन्हा सुरकुतला.

"फुग्यात मी आणखी हवा भरली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आहे तेवढीच आहे."

"मग?"

कृत्तिकाने पुन्हा ओढून बघितलं, पुन्हा सोडलं. तिला महाबळेश्वरची सहल आठवली. घाट चढताना सगळ्यांच्या वेफर्सच्या पिशव्या उशीसारख्या फुगल्या होत्या आणि मागच्या बाकावरच्या मुलांनी त्या फोडून शिक्षकांची बोलणी खाल्ली होती. "बाहेरची हवा फुग्याला दाबून धरते," ती सावकाश म्हणाली. "बाहेरची विरळ झाली की तिचा दाब कमी होतो. आतली हवा मात्र पहिल्याइतकीच जोरात ढकलत असते. म्हणून फुगा पसरतो."

"शाबास. आता तुझ्या दातातला बुडबुडा. तो इथे, म्हसवडच्या हवेत बंद झाला. इथे असताना आतला रेटा आणि बाहेरचा रेटा सारखा, म्हणून तो गप्प. उंचावर बाहेरचा रेटा कमी झाला की त्याला पसरायचं असतं. वर टणक सिमेंट, बाजूला टणक दात, मग तो जाणार कुठे?"

"खाली. त्या नळ्यांत."

"आणि नळ्यांतला द्रव ढकलला जातो थेट गाभ्याकडे. मज्जातंतू बोंब मारतो. दात तुझा खोटं बोलत नव्हता हो."

कृत्तिकाला एकदम रडू आलं. दोन दिवस घरादाराने तिला भित्री ठरवलं होतं आणि तिनेही ते ठरवू दिलं होतं. "मग दात काढणार का?" तिने विचारलं. "रविवारी मला आईकडे जायचंय."

"इतका चांगला दात काढायला मी काय वेडी आहे? सिमेंट काढू, बुडबुडा घालवू, नव्याने भरू. उद्या सकाळी तू खुशाल त्या खोलीत बस." डॉक्टरांनी बाबांना फोन लावला, सगळं समजावून सांगितलं आणि त्यांचा होकार घेतला. मग त्या दंतोबाकडे वळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हे झालं कसं? या हातांनी आजवर एकही बुडबुडा सोडलेला नाही."

"माझ्या कामात बुडबुडा राहत नाही," दंतोबा नम्रपणे म्हणाला.

"राहिलाय. हा बघ."

दंतोबाचे दोन्ही दिवे फोटोकडे वळले.

दात बधिर केल्यावर काम सुरू झालं. डॉक्टर बाजूला उभ्या राहून एकेक पायरी सांगत होत्या आणि वर टांगलेल्या आरशात कृत्तिकाला सगळं दिसत होतं. दंतोबाने जुनं सिमेंट अलगद कोरून काढलं, खळगा धुतला, वाळवला. मग त्यात निळसर औषध लावलं. जुन्या भिंतीवर नवा गिलावा चढवण्याआधी गवंडी भिंत खरबरीत करून घेतो, तसं हे औषध दाताचा पृष्ठभाग खरबरीत करत होतं, म्हणजे पुढचं सगळं घट्ट धरून राहावं. त्यावर चिकट द्रवाचा पातळ हात. मग खरं सिमेंट, म्हणजे काचेची अतिशय बारीक पूड आणि राळेसारखा एक पदार्थ यांचा लगदा. तो दाताच्याच रंगाचा होता.

"हा लगदा आपणहून वाळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावर निळा उजेड पाडावा लागतो. उजेड पडला की राळेचे सुटे सुटे कण एकमेकांचे हात धरतात आणि त्यांची लांबच लांब साखळी होते. साखळ्या एकमेकींत गुंतल्या की लगद्याचा दगड होतो. पण उजेड खोलवर पोचत नाही, म्हणून एकदम सगळं भरायचं नाही. एक पातळ थर, मग उजेड. दुसरा थर, पुन्हा उजेड."

दंतोबाने खळग्याच्या तळाशी पहिला थर ठेवला आणि इवल्याशा दाबणीने तो कानाकोपऱ्यात बसवू लागला. इतकं शांत, इतकं नेमकं काम कृत्तिकाने कधी पाहिलं नव्हतं. बाबा मोटारीच्या तारा गुंडाळताना असे गप्प होत. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि बराच वेळ तोंड उघडं ठेवल्यावर होतं तेच झालं. तिला जांभई आली.

आता सस्त्यांच्या घरात जांभई ही साधी गोष्ट नव्हती. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, हा आजीचा कायदा. "चुटकी न वाजवता जांभई दिली तर आयुष्य निसटतं बाहेर," असं आजी म्हणे, आणि बाबा हसले तरी चुटकी तेही वाजवत. कृत्तिकाचा हात विचार न करता तोंडाकडे वर गेला.

दंतोबा त्या क्षणी थांबला. दाबणी झटकन वर उचलली गेली आणि तिच्यासोबत मऊ लगदाही एका कडेने किंचित वर आला.

"आपण हात वर केलात. मी थांबलो आहे. पुढे जाऊ का?" तो म्हणाला.

कृत्तिकाने मान डोलावली. दंतोबाने उचललेली कड वरून गुळगुळीत दाबली आणि निळ्या दिव्याकडे हात नेला.

"थांब," डॉक्टर म्हणाल्या. त्या वाकून आरशातून त्या थराकडे बघत होत्या. "कृत्तिका, दुखलं का तुला?"

कृत्तिकाने नाही म्हणून मान हलवली.

"मग हात का वर केलास?"

तोंडात कापसाचे बोळे, त्यामुळे सांगता येईना. तिने पुन्हा हात वर केला आणि चुटकी वाजवून दाखवली. डॉक्टर एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"आमच्याकडे माझी नानीसुद्धा हेच करायची," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दिवाळीतही जांभई दिली होतीस ना? आणि चुटकी?"

दिली असणार. कृत्तिकाला चुटकीशिवायची जांभई आठवतच नव्हती.

डॉक्टरांनी कोरणीने तो थर उचलून दाखवला. वरून तो अगदी सपाट, पण खाली, जिथे कड उचलली गेली होती, तिथे इवलीशी पोकळी राहिली होती. "दंतोबाला शिकवलंय की हात वर म्हणजे दुखतंय, ताबडतोब थांब. तो थांबला. थांबताना लगदा उचलला गेला, खाली हवा शिरली, आणि त्याने वरून झाकण लावलं. आता मला सांग, चूक कुणाची?"

"माझी," दंतोबा म्हणाला.

कृत्तिकानेही स्वतःकडे बोट दाखवलं.

"दोघांचीही नाही. तू आजीचं ऐकलंस, त्याने माझं ऐकलं. थांबायला मी त्याला शिकवलं, पण थांबल्यावर आधीचा थर काढून नव्याने घालायला शिकवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी आहे." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की कृत्तिकाला त्या आणखीच आवडल्या. मोठी माणसं असं म्हणताना तिने फारशी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी दंतोबाला तिथल्या तिथे नवा धडा दिला. मध्येच थांबावं लागलं, तर अर्धा थर पुरा काढायचा, खळगा पुन्हा बघायचा, मगच पुढे जायचं. "आणि जांभयांचं काय?" त्याने विचारलं. "जांभई आली की विचारायचं, दुखतंय की चुटकी?" डॉक्टर म्हणाल्या. दंतोबाने ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं. म्हसवडमध्ये पुढे तो पेशंटना अगदी गंभीरपणे हाच प्रश्न विचारू लागला, पण ती नंतरची गोष्ट.

नवे थर चढले. प्रत्येक थरावर निळा उजेड पडला तेव्हा आरशात तिचं सगळं तोंड निळं झालं आणि मऊ लगद्याचा बघता बघता दात झाला. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन दात उंच तर लागत नाही ना ते पाहिलं, झिलई केली आणि नवा फोटो घेतला. त्यात काळा ठिपका नव्हता.

"मॅडम, ते कवच बांधणारे गवंडी परत आणता येणार नाहीत का?" बोळे निघाल्यावर कृत्तिकाने पहिलं हेच विचारलं.

"पुष्कळ जण खटपट करताहेत. अजून कुणाला नीट जमलेलं नाही. तुझ्या पिढीला जमेल बहुतेक. तोवर आम्ही आहोत, सिमेंट घेऊन. आणि चूळ भरायला काय विज्ञान लागत नाही."

शनिवारी ती त्या खोलीत बसली. हवा विरळ होत गेली, कानांत टुक्कन आवाज झाला, आणि दात गप्प राहिला. ती जिभेने त्याला चाचपत होती, पण तो गप्पच. कदम सरांनी पट्ट्याकडे बघून अंगठा वर केला. "आज भीती कुठं गेली?" त्यांनी विचारलं. तेव्हा कृत्तिकाने त्यांना खरं काय ते सांगितलं, आणि परवा हात वर केला नाही याबद्दल थोडी बोलणीही खाल्ली. ती तिला मान्य होती.

रविवारी पाळणा वर चढला. म्हसवडचा तलाव आधी ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा, आणि आकाशाचा निळा रंग गडद होत गेला. घारीचं दार उघडलं तेव्हा आई समोरच उभी होती. कृत्तिकाने धावत जाऊन तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. आईच्या अंगाला अजून आईचाच वास येत होता.

आईने तिला सगळं दाखवलं. खाली पसरलेले ढग दाखवले, वारा मोजणारी पाती दाखवली, हवेचा दाब लिहून घेणारं यंत्र दाखवलं. आईचे सहकारी दोर्जे नावाचे लडाखी इंजिनियर गालाला मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनीही तिला चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.

दुपारी जेवताना कृत्तिकाने आजीची नक्कल केली आणि आई खूप दिवसांनी खळखळून हसली. तेव्हा कृत्तिकाला दिसलं. आईच्या डाव्या बाजूला, मागे, एक दात नव्हता.

"आई, तुझा दात?"

"काढला गं. पडद्यावर तुला दिसू नये म्हणून तोंड मिटूनच हसत होते. मोठा विचित्र दात होता. सिमेंट भरलेला, खाली अगदी धडधाकट. चाचणीच्या खोलीत बसले की असा ठणकायचा की बस. कुणालाच कारण सापडेना. निघायची तारीख जवळ आली होती. तळावरचे म्हणाले, दात काढा, नाहीतर वर जाणं रद्द. मग काढून टाकला." आईने खांदे उडवले. "एका दाताने काय बिघडतं?"

कृत्तिकाने हातातला घास खाली ठेवला. पुष्कळ बिघडतं, असं तिला म्हणायचं होतं. ते कवच पुन्हा कधी बनत नाही. आत हजारो नळ्या असतात. तो दात जिवंत होता. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आई, त्यात हवा होती."

"काय?"

"सिमेंटखाली हवेचा बुडबुडा होता. वर आलं की बाहेरचा दाब कमी होतो, मग आतली हवा पसरायला बघते. जागा नसते म्हणून ती आत ढकलते. माझ्याही दातात होता. परवा मुजावर डॉक्टरांनी काढला. दात नाही काढला, आई. बुडबुडा काढला."

भिंतीवरच्या दाबमापकाकडे (हवेचा दाब मोजण्याच्या यंत्राकडे) आईची नजर गेली आणि तिथेच थांबली. "मी दिवसभर हवेचा दाब मोजते, कृत्ती," ती हळूच म्हणाली. "माझ्याच तोंडातल्या हवेचा विचार मला सुचला नाही." तिने कृत्तिकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि असं काही बघितलं, जणू ती तिला पहिल्यांदाच बघत होती.

मग ती एकदम उठली.

"दोर्जे," तिने हाक मारली. "आज संध्याकाळी खाली जाऊन तू दात काढणार होतास ना? तो काढू नकोस. त्यात सिमेंट भरलंय का, आणि खाली असताना तो दुखत होता का, एवढं आधी सांग."

दोर्जेंनी गालावरचा मफलर खाली ओढला. "भरलंय. आणि खाली कधीच नाही दुखला. चाचणीत जरासा ठणकला, पण मी बोललो नाही," ते म्हणाले. "का?"

"मला नको विचारू. हिला विचार."

दोर्जे कृत्तिकासमोर येऊन मांडी घालून बसले आणि त्यांनी आपलं तोंड उघडलं.